मिठाच्या द्रावणात तरंगलेलं कोडं

रक्ततपासणीचा कागद हातात आला की नजर आधी कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर जाते. पण कोलेस्टेरॉल रक्तातून एकटं फिरूच शकत नाही. पाण्यात चरबी विरघळत नाही, म्हणून शरीर ती प्रथिनांबरोबर बांधून तिचे सूक्ष्म कण करतं, तेच लायपोप्रोटीन. धमनीच्या भिंतीत शिरतात ते हे कण. हृदयरोगाशी त्यांचं नातं १९५० मध्येच दिसलं होतं. तरी वैद्यक पुढे अनेक दशकं कण मोजायचे सोडून त्यांच्यातला मालच तोलत राहिलं. कणांची कल्पना चुकीची ठरली म्हणून हे घडलं नाही. ते मोजणारं यंत्र मोजक्याच प्रयोगशाळांत होतं, हे त्याचं मोठं कारण.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मिशेल माशबफ यांनी १९२९ मध्ये घोड्याच्या रक्तद्रवातून पहिलं लायपोप्रोटीन वेगळं केलं होतं. पुढे स्वीडनमध्ये अल्ट्रासेंट्रिफ्यूज या अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात रक्तद्रव फिरवताना अल्ब्युमिन या प्रथिनाच्या उंचवट्यालगत एक चमत्कारिक आकृती दिसू लागली आणि तिला ‘एक्स प्रोटीन’ असं नाव पडलं. बर्कलेच्या डॉनर प्रयोगशाळेत जॉन गॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हे कोडं सोडवलं, आणि तेही मिठाने. रक्तद्रवात मीठ घालून त्याची घनता १.०६३ पर्यंत वाढवली, तर एरवी खाली बसणारे हे हलके कण वर तरंगू लागतात. इतर प्रथिनं तळाशी जातात. कोण किती वेगाने वर येतो, यावरून कणांचे वर्ग पडले. मिनिटाला पन्नास हजारांवर फेरे घेणाऱ्या यंत्राइतकंच श्रेय मला या साध्या युक्तीला द्यावंसं वाटतं. कोलेस्टेरॉलचा आकडा सारखा असलेल्या दोन माणसांच्या रक्तात कणांचं प्रमाण फार वेगळं असू शकतं, हे १९५० च्या त्यांच्या लेखाने दाखवलं.

यावर आक्षेप येतो तो १९५६ च्या संयुक्त अभ्यासाचा. बर्कले, क्लीव्हलँड, हार्वर्ड आणि पिट्सबर्ग इथल्या चार प्रयोगशाळांनी सुमारे ५,००० पुरुष तपासले आणि बहुमताने निष्कर्ष काढला, की हृदयरोगाच्या भाकितासाठी लायपोप्रोटीनची मोजणी साध्या कोलेस्टेरॉलपेक्षा सरस नाही. पुरावा वजनदार होता, हे मान्य. पण गॉफमन यांच्या गटाने मोजणीची पद्धत मध्येच सुधारली आणि बाकीच्यांनी जुनीच चालू ठेवली. अहवालातही दोन्ही बाजूंनी आपापली मतं स्वतंत्र मांडली. शिवाय तोलले गेले ते हलक्या कणांचे काही वर्गच. जड कण, म्हणजे एचडीएल, या हिशेबात नव्हतेच. खरं तर निरोगी लोकांत ते अधिक असतात, ही नोंद न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड बार आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्येच केली होती. तिच्याकडे वैद्यकाचं पुन्हा गंभीरपणे लक्ष गेलं ते १९७५ नंतर.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: स्वस्त तपासणी लाखो लोकांपर्यंत पोहोचली, महागडं यंत्र कधी पोहोचलं असतं? १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन यांनी सूत्र दिलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल, तसंच ट्रायग्लिसराइड या दुसऱ्या चरबीचा पाचवा भाग वजा करा, उरलं ते एलडीएल, म्हणजे हलक्या कणांतलं कोलेस्टेरॉल. अल्ट्रासेंट्रिफ्यूजशिवाय हा अंदाज बांधता येतो, हे त्या लेखाच्या शीर्षकातच लिहिलेलं होतं. या सूत्राने मोठं काम केलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही. मधुमेहात आणि पोटाच्या स्थूलतेत तर वेगळीच अडचण येते. ट्रायग्लिसराइड वाढतं, एलडीएलचे कण लहान होतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी भरतं. मग एलडीएलचा आकडा बरा दिसतो आणि कण मात्र पुष्कळ असतात. भारतात ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी अशी जोडी वारंवार आढळते, म्हणून हा मुद्दा आपल्याला लांबचा नाही. एलडीएल आणि त्याच्या जातीच्या प्रत्येक कणावर अपोबी प्रथिनाचा एकच रेणू असतो. तो मोजला की कणच मोजले जातात. त्याला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागत नाही, रोजच्या प्रयोगशाळेतलं यंत्र पुरतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाईलमध्ये मात्र ही तपासणी सहसा नसते. ती वेगळी सांगून करून घ्यावी लागते.