मेफ्लॉवरचे वंशज: रक्त की कागद?

१६२० साली मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून अमेरिकेला निघाले आणि आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला वस्ती करून राहिले. पहिल्या हिवाळ्यातच जवळपास निम्मे दगावले. त्यांतल्या एखाद्याचे आपण वंशज आहोत असं आज कुणाला सिद्ध करायचं असेल, तर १८९७ साली स्थापन झालेल्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो. तिथे 'आजी सांगायची' हे चालत नाही. प्रत्येक पिढीचे जन्म, लग्न, मृत्यू कागदावर दाखवावे लागतात. पहिल्या पाचेक पिढ्यांचं काम संस्थेने स्वतः करून छापलंय. आपली साखळी तिथवर नेऊन जोडायची.

उदाहरण घेऊ. जॉन हाउलंड वादळात जहाजावरून समुद्रात पडला, लोंबणारा दोर हाती लागला म्हणून वाचला. पुढे त्याने एलिझाबेथ टिलीशी लग्न केलं. तिचे आईवडील पहिल्या हिवाळ्यातच गेले होते. या दोघांना दहा मुलं झाली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश त्यांचेच वंशज.

आता गंमत बघा. ४०० वर्षं म्हणजे साधारण १३ पिढ्या. तेराव्या पिढीत तुमच्या पूर्वजांच्या जागा होतात २^१३, म्हणजे ८,१९२. पण डीएनए दर पिढीला थोड्याच ठिकाणी तुटतो-जोडला जातो, त्यामुळे त्या पिढीकडून तुमच्यापर्यंत पोचतात ढोबळमानाने आठ-नऊशे तुकडे. म्हणजे दहातल्या नऊ पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्यात नसतो! (बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आणि आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए हे अपवाद.) हाउलंडच्या बहुतेक वंशजांमध्ये हाउलंडचा डीएनए नसणारच.

मग संस्था सिद्ध काय करते? वंश खराच असतो, पण त्याचा पुरावा म्हणजे टिकलेला कागद. प्रवाशांची यादी आपल्याला मुख्यतः गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डच्या हस्तलिखितामुळे माहीत आहे. ते कित्येक दशकं बेपत्ता होतं. १८५५ मध्ये लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडलं.

जिचं माहेरचं नाव कुणी लिहिलं नाही, त्या बाईपाशी साखळी तुटते. आणि जिथे प्लिमथ वसलं तिथे आधी वाम्पानोआग लोकांचं पटक्सेट गाव होतं. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते ओस पडलं. त्या गावकऱ्यांची यादी करणारा ब्रॅडफर्ड कुणी नव्हता. त्यांचेही दूरचे वंशज आज असतील, पण अर्जाला जोडायला त्यांच्याकडे कागद नाही.