पिकअप की ॲव्हरेज? – दोन मोटरसायकलींमधल्या निवडीचा इतिहास

मोटरसायकल घ्यायची ठरली की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. घरातली मोठी माणसे विचारतात, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि जो गाडी चालवणार असतो तो विचारतो, ‘पिकअप कसा आहे?’ अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांच्या फाटकांवर निदान दोन पिढ्या या दोन शब्दांवर वाद घालत मोठ्या झाल्या. दोन्ही शब्द इंग्रजीतून आले असले, तरी त्यांचे अर्थ आपण आपल्यापुरते ठरवून घेतले आहेत. ॲव्हरेज म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते ते, आणि पिकअप म्हणजे गाडी किती चटकन वेग घेते ते. भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर पहिला प्रश्न ऊर्जेचा आहे आणि दुसरा शक्तीचा. नववीच्या वर्गात या दोन राशींतला फरक समजावताना आपली दमछाक होते. तोच फरक फाटकाबाहेर मुले मोठ्या अधिकारवाणीने एकमेकांना सांगत असतात!

या वादाला एक चांगला इतिहास आहे. तो पाहू या.

चार करार, तीन टू-स्ट्रोक

१९८० पूर्वी आपल्याकडे मोटरसायकल म्हणजे एनफिल्ड बुलेट, राजदूत किंवा जावा-येझदी. गाड्या दणकट, पण जड आणि पेट्रोल पिणाऱ्या. परवाना पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते आणि स्कूटरसाठी तर वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने छोट्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांशी करार करायला परवानगी दिली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी नावे भारतीय रस्त्यांवर आली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी ए. एक्स. १००, १९८५ मध्ये हीरो होंडा सी. डी. १०० आणि एस्कॉर्ट्‌सची यामाहा आर. एक्स. १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज के. बी. १००.

चारही गाड्या १०० सीसी गटातल्या. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चारपैकी तीन गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक होती आणि एकटी होंडा फोर-स्ट्रोक. म्हणजे जाणत्या अभियंत्यांनी, एकाच काळात, एकाच बाजारासाठी केलेली निवड तीन विरुद्ध एक अशी होती. पुढच्या वीस वर्षांत निकाल मात्र बरोबर उलटा लागला. असे का झाले?

एका फेऱ्याचा हिशेब

दोन गाड्या शेजारी ठेवू. आर. एक्स. १०० च्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ५० मिलिमीटर. सी. डी. १०० चा व्यास ५० मिलिमीटर आणि धाव ४९.५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरले, तर पहिल्याचे घनफळ सुमारे ९८ घनसेंटिमीटर येते आणि दुसऱ्याचे ९७. म्हणजे डबे जवळजवळ सारखेच. तरी आर. एक्स. ची शक्ती ११ अश्वशक्ती होती आणि सी. डी. ची साडेसातच्या आसपास.

हा फरक कुठून आला? निकोलाउस ओटो याने १८७६ साली यशस्वी केलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्याच्या चार धावा होतात. मिश्रण आत घेणे, ते दाबणे, पेटवून जोर मिळवणे आणि धूर बाहेर टाकणे. चार धावा म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे. दोन फेऱ्यांत जोर एकदाच मिळतो. टू-स्ट्रोक इंजिनाची वाट डुगाल्ड क्लार्क याने दाखवली आणि जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास त्याला साधे, झडपांशिवाय चालणारे रूप दिले. यात प्रत्येक फेऱ्याला जोर मिळतो. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि वरखाली जाणारा दट्ट्याच त्या उघडतो नि झाकतो. भाग कमी, वजन कमी, किंमत कमी आणि शक्ती जास्त.

प्रत्येक फेऱ्याला जोर मिळत असेल, तर शक्ती दुप्पट व्हायला हवी. मग ती दीडपटच का? याचे उत्तर त्या खिडक्यांमध्येच आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर ढकलण्याचे काम आत येणारे ताजे मिश्रणच करते. त्या वेळी आतली आणि बाहेरची अशा दोन्ही खिडक्या उघड्या असतात. साहजिकच थोडे ताजे मिश्रण न जळताच धुरासोबत निसटते. वाड्याचा पुढचा नि मागचा दरवाजा एकदम उघडला, तर पाहुणे येतात आणि सरळ मागच्या दाराने निघूनही जातात, तसा हा प्रकार. साध्या कार्बुरेटरच्या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनात अशा रीतीने वाया जाणारे पेट्रोल १५ ते ४० टक्क्यांपर्यंत असू शकते.

नळीतली लाट

मागच्या दाराने निघालेल्या पाहुण्यांना परत आणता येईल का? या प्रश्नावर पूर्व जर्मनीतल्या एम. झेड. कंपनीचा अभियंता वाल्टर काडेन याने १९५० च्या दशकात फार सुंदर उत्तर शोधले. धुराच्या नळीत दाबाची लाट धावत असते. नळी आधी रुंद आणि मग अरुंद होत गेली, तर अरुंद टोकावर ती लाट परावर्तित होऊन मागे येते. ती नेमक्या वेळी खिडकीशी पोचली, तर निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे लाटच दरवाजा लावून घेते!

हा हिशेब वर्गात करण्याजोगा आहे. इंजिन मिनिटाला ७,५०० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद लागतात. तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला आणि लाटेचे जाणे-येणे मिळून १ मीटर मानले, तर तिला २ मिलिसेकंद, म्हणजे पाव फेरा लागतो. तेच इंजिन ३,००० फेऱ्यांवर असताना एका फेऱ्याला २० मिलिसेकंद लागतात. लाट मात्र तेवढ्याच वेळात परतते, म्हणजे फेऱ्याचा दहावा भागच उलटलेला असताना. ती फार लवकर येते आणि तिचा उपयोग होत नाही. टू-स्ट्रोक गाडी एका ठरावीक वेगापर्यंत मवाळ असते आणि मग एकाएकी उसळी घेते, त्यात या लाटेचा मोठा वाटा आहे. ज्याला आपली मुले ‘पिकअप’ म्हणत होती, तो काही अंशी नळीतल्या अनुनादाचा खेळ होता. सायलेन्सर कापून आवाज वाढवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. नळीचा आकार हा इंजिनाचाच भाग असतो.

काडेनची विद्या जपानला पोचली ती एखाद्या गुप्तहेरकथेसारखी. एम. झेड. चा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी निसटला आणि सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी त्याने सुझुकीवर बसून ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. त्यानंतरची अनेक वर्षे शर्यतींच्या मैदानावर जपानी टू-स्ट्रोक गाड्यांचा दबदबा होता.

निवडीतला तिसरा माणूस

अमरावती ते अकोला हे अंतर बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू असे करत साधारण ९५ किलोमीटर भरते. सी. डी. चे ॲव्हरेज ८० धरले, तर सव्वा लिटरच्या आत पेट्रोलमध्ये हे अंतर कापता येई. आर. एक्स. ला ४५ च्या हिशेबाने दोन लिटरांहून थोडे जास्त लागे, शिवाय वेगळे तेल. विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने हिशेब एवढाच होता. शक्ती हवी तर पैसे जास्त मोजा.

पण हा हिशेब अपुरा होता. निसटलेले पेट्रोल जाते कुठे? ते हवेत जाते आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जाते. त्यात बेंझीनसारखी विषारी संयुगे असतात. अर्धवट जळलेल्या तेलाचा निळा धूर वेगळाच. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कडक उन्हात एकत्र आली, की जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि उन्हाची आपल्याकडे काही वाण नाही. गाडी निवडणारे दोघे, पैसे देणारा बाप आणि चालवणारा मुलगा. धूर घेणारा तिसरा. त्याला कोणीच विचारले नव्हते.

इतरत्र त्याच्या बाजूने कायदा आधीच बोलू लागला होता. अमेरिकेत १९७८ पासून मोटरसायकलींच्या धुरावर मर्यादा आल्या आणि रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक मोटरसायकली तिथून हळूहळू नाहीशा होत गेल्या. त्या तिथून निघत होत्या, साधारण त्याच सुमारास आपल्याकडे त्यांचे वाजतगाजत स्वागत होत होते.

आपल्याकडे वाहनांच्या धुरासाठी पहिली मानके १९९१ मध्ये आली. १९९६ मध्ये ती कडक झाली. दुचाकीने एका किलोमीटरमागे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून ३.६ ग्रॅमपेक्षा जास्त सोडू नयेत, असे ठरले. २००० साली ही मर्यादा २ ग्रॅम, २००५ साली दीड ग्रॅम आणि २०१० साली १ ग्रॅम झाली. आता एक ढोबळ गणित करू. एक लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ७४० ग्रॅम. ४५ किलोमीटरच्या हिशेबाने एका किलोमीटरला १६.४ ग्रॅम लागतात. समजा, त्यातला चौथा हिस्सा न जळता निसटला, तर हवेत गेले ४.१ ग्रॅम. म्हणजे १९९६ च्या मर्यादेपेक्षाही जास्त! आर. एक्स. १०० चे उत्पादन याच १९९६ साली थांबले. उत्प्रेरक बसवून काही टू-स्ट्रोक गाड्या पुढे चालल्या, पण १ ग्रॅमचे कुंपण ओलांडणे त्यांना जड होते.

न्याय करायचा, तर एक गोष्ट टू-स्ट्रोकच्या बाजूनेही सांगायला हवी. तिच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे फोर-स्ट्रोकपेक्षा कमी असत. दोष तिच्या ज्वलनापेक्षा उघड्या राहणाऱ्या दारात अधिक होता.

सी. बी. झेड. आणि पल्सर

आता पिकअपवाल्यांचे काय? त्यांच्यासाठी १९९९ साली हीरो होंडाने सी. बी. झेड. आणली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर. दोन्ही फोर-स्ट्रोक. प्रश्न पहिल्यांदाच ‘पिकअप की ॲव्हरेज’ असा न राहता ‘ही की ती’ असा झाला.

सी. बी. झेड. चे इंजिन १५६.८ सीसीचे, शक्ती १२.८ अश्वशक्ती. मूठ एकदम पिळली की कार्बुरेटरमधला छोटा पंप जास्तीचे पेट्रोल सोडी, त्यामुळे गाडी अडखळत नसे. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. पल्सर दोन आकारांत आली. १५० नावाची गाडी प्रत्यक्षात १४३.९ सीसी आणि १२ अश्वशक्तीची, १८० नावाची १७८.६ सीसी आणि १५ अश्वशक्तीची.

आकडे नीट पाहिले, तर एक गंमत दिसते. आर. एक्स. १०० चे वजन शंभर किलोंच्या आसपास आणि सी. बी. झेड. चे १३० किलोंच्या वर. ७० किलोंचा स्वार धरला, तर दोन्हींत एका अश्वशक्तीच्या वाट्याला पंधरा-सोळा किलो येतात. म्हणजे ९८ सीसीच्या टू-स्ट्रोकची बरोबरी करायला फोर-स्ट्रोकला दीडपटीहून मोठे सिलिंडर लागले. तिसऱ्या माणसाच्या छातीची ही किंमत होती, आणि ती मोजण्याजोगी होती.

२००३ साली पल्सरमध्ये एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आले. ५७ मिलिमीटर रुंद सिलिंडरच्या एका बाजूला ठिणगी पडली, तर ज्योतीला दुसऱ्या कडेपर्यंत जावे लागते. दोन बाजूंनी पेटवले तर अर्धे अंतर पुरते. मिश्रण लवकर आणि अधिक पूर्णपणे जळते. शक्ती वाढवण्याची आणि पेट्रोल वाचवण्याची वाट इथे एकच झाली. शंभर वर्षे जी निवड वाटत होती, ती पुष्कळशी चांगल्या ज्वलनाची समस्या होती.

वऱ्हाडच्या वाचकांसाठी आणखी एक हिशेब. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की २० अंशांच्या हवेपेक्षा आपली हवा ८ टक्क्यांनी विरळ होते. तेवढ्याच प्रमाणात सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी जातो. दुपारी गाडी ‘मेली’ अशी तक्रार करणाऱ्याचे म्हणणे खोटे नसते.

रस्ता गुळगुळीत झाल्यावर

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करण्यात आली आणि तिची गिनीज विक्रमात नोंद झाली. जिथे पूर्वी खड्डेच वेग ठरवत, तिथे आता मूठच वेग ठरवते. म्हणून तिसऱ्या माणसाचा प्रश्न नव्या रूपात समोर येतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, ब्रेक लावल्यावर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने मंदावली, तर २३ मीटरमध्ये थांबते. ब्रेक लावण्याचे भान यायला एक सेकंद गेला, तर आधी १७ मीटर. एकूण ४०. वेग ९० असेल, तर हेच अंतर ५२ अधिक २५, म्हणजे ७७ मीटर होते. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली आहे. ती चाक घसरू देत नाही, पण वेगाचा वर्ग काही तिला पुसता येत नाही. अंधारात दिव्याशिवाय जाणाऱ्या बैलगाडीला यातले काहीच ठाऊक नसते.

आता निवड आहे पेट्रोल की वीज अशी. विजेच्या गाडीला धुराची नळीच नाही, म्हणून ती स्वच्छ, असे आपण पटकन म्हणतो. रस्त्यावरच्या माणसापुरते ते खरेही आहे. पण अकोला जिल्ह्यातल्या पारसला आणि अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेला कोळशावर वीज तयार होते, हेही हिशेबात धरायला हवे. धूर थांबला की फक्त जागा बदलून गेला, हे प्रत्येक वेळी मोजूनच ठरवावे लागते.

विद्यार्थ्यांना एक प्रकल्प देता येईल. घरातल्या किंवा शेजारच्या दुचाकीचा महिन्याचा पेट्रोलखर्च आणि किलोमीटर लिहून ठेवायचे, त्यावरून किलोमीटरमागे किती ग्रॅम इंधन लागते ते काढायचे आणि शेवटी एक प्रश्न सोडवायचा. ही गाडी निवडताना कोणाकोणाला विचारले गेले, आणि तिचा परिणाम भोगणारे, पण विचारले न गेलेले कोण?