चालत आलेला प्रतिध्वनी

१९४९च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ ऐकताना आवाज खरोखरच लांबून येतो, कारण गाणारी व्यक्ती लांबून येत होती. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या या ध्वनिमुद्रणाची हकीकत लता मंगेशकरांनीच पुढे सांगितली आहे: माइक खोलीच्या मध्यभागी, आणि लताबाई कोपऱ्यात. सुरुवातीच्या ओळी गात गात पुढे सरकायचं आणि मुखड्याला नेमकं माइकपाशी पोचायचं. एक पाऊल चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

यामागचं शास्त्र साधं आहे. गायिका माइकपासून दूर असली की थेट पोचणारा आवाज क्षीण होतो, पण भिंतींवरून परतणारा जवळपास तेवढाच राहतो. या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ओळखतो. चालत येताना हे प्रमाण पावलागणिक बदलत गेलं. नुसता एको वाढवून ही हालचाल मिळत नाही.

‘मुगल-ए-आझम’मधल्या (१९६०) ‘प्यार किया तो डरना क्या’साठी नौशादांनी लताबाईंना स्टुडिओच्या न्हाणीघरात उभं केलं, अशीही एक गोष्ट सांगितली जाते. त्यात मीठमसाला किती, देव जाणे. पण कल्पना मुळीच विचित्र नव्हती. शिकागोत ध्वनिमुद्रक बिल पुटनम यांनी १९४७मध्ये हार्मोनिकॅट्स या वादकचमूच्या ‘पेग ओ’ माय हार्ट’साठी न्हाणीघराचाच उपयोग केला होता.

या जुन्या पद्धतीचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. तेव्हा मुंबईत गायक आणि वाद्यवृंद एकत्रच, एकाच मोनो पट्टीवर मुद्रित होत. त्यात मुरलेला प्रतिध्वनी नंतर उपसून काढता येत नसे. म्हणून ‘हा हवा का?’ हा प्रश्न टेक घेण्याआधीच, तालमीत कानाने सोडवावा लागे. परळच्या राजकमल कलामंदिरात सिनेमांचं मिक्सिंग करणारे मंगेश देसाई याच शिस्तीच्या काळातले. ‘शोले’चा आवाज त्यांच्या हातून गेला.

निर्णय पुढे ढकलण्याची सोय हळूहळू आली. १९५७चा ‘ईएमटी १४०’ म्हणजे पोलादी पत्रा थरथरवून घुमारा देणारं, सुमारे पावणेतीनशे किलोचं धूड. आज पनवेलजवळच्या करंजाडेच्या एखाद्या सोसायटीत लॅपटॉप उघडून बसलेल्या पोराकडे तोच पत्रा प्लगइन म्हणून असतो, आणि एकाऐवजी तीस चॅनेलवर लावता येतो. खिडकीबाहेर ट्रकची घरघर, डोक्यावर पंखा. घुमाऱ्याचं, म्हणजे रिव्हर्बचं, बारीक शेपूट त्यात बुडतं, मग तो आणखी थोडा घालतो. हेडफोनवर तेच गाणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं.

त्याहून मोठा चकवा आवाजाच्या पातळीचा. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवलं की आवाज वाढला की खर्ज तुलनेने अधिक भरीव ऐकू येतो. आवाजातले चढउतार आवळणारा कॉम्प्रेसर लावून गेन, म्हणजे पातळी, जरासा चढवला की एखाद्या डेसिबलचा फरक कानाला ‘मोठा’ न वाटता ‘छान’ वाटतो. त्यामुळे इफेक्ट चालू आणि बंद यांची तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करणं भागच आहे. हे न करता दिलेला निकाल माझ्या मते निकालच नव्हे.

त्यानंतर डोळे बाजूला ठेवायचे. याच मन्सन यांनी मार्क गार्डनर यांच्यासह १९५०मध्ये एबीएक्स चाचणी मांडली: अ ऐका, ब ऐका, आणि क्ष यांपैकी कोणता ते सांगा. सोळापैकी बारा किंवा अधिक वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. तेवढं जमलं, तर फरक ऐकू येतो असं धरायला हरकत नाही.

मात्र फरक ऐकू येणं म्हणजे सुधारणा नव्हे. त्यासाठी सारख्या पातळीच्या दोन्ही आवृत्त्या, कोणती कुठली ते न सांगता, दुसऱ्याच कुणाला ऐकवायच्या आणि गाण्यातला शब्द कुठे नीट पोचला एवढंच विचारायचं. खेमचंद प्रकाशांना मात्र दुरून येणारा शब्दच हवा होता. तिथे हा प्रश्न वेगळा ठरला असता.