डुकरांची साक्ष

पावसाळ्यात साठवणीच्या शेंगांना बुरशी धरली की आमच्या घरी एकच निवाडा होई : ‘माणसांना नको, गुरांना चालेल.’ या वाक्याची किंमत जगात कोणी कशी मोजली, हे पाहण्यासाठी मी काही वर्षे जुने शोधनिबंध वाचत आलो आहे.

ही कथा बहुधा १९६० पासून सांगतात. त्या वर्षी इंग्लंडात काही महिन्यांत टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले दगावली. कारण कळेना, म्हणून रोगाला ‘टर्की एक्स’ म्हटले गेले. माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली आणि तिच्याच नावावरून विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले.

पण डुकरांनी साक्ष आधीच दिली होती. अमेरिकेच्या आग्नेय भागात शेतात राहिलेला बुरसटलेला मका खाऊन डुकरे मरत होती. सिपेल, बर्नसाइड आणि अ‍ॅटवुड यांनी १९५३ मध्ये तसे लिहून ठेवले. १९५७ मध्ये बर्नसाइड व सहकाऱ्यांनी अशा मक्यातील बुरशी वेगळ्या करून वाढवल्या आणि डुकरांना खाऊ घातल्या. तोच आजार उभा राहिला. त्या बुरशींत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसही होती. विषाचे नाव मात्र टर्कीच्या मरणानंतरच जगाला कळले.

लहान पिल्लांवर हे विष अधिक चालते. साधारण तीन ते बारा आठवड्यांची डुकरे सर्वांत नाजूक. यकृतात विषाचे रूप बदलते, ते पेशीतील डीएनएला चिकटते आणि प्रथिने बनणे मंदावते. मग पिल्लू खाणे टाकते, वाढ खुंटते, रक्त नीट गोठत नाही. विषाची मात्रा कमी असली तरी प्रतिकारशक्ती खचते. पिल्लू दुसऱ्याच रोगाने मरते आणि दोष त्या रोगावर जातो. बुरशी झटकली किंवा दाणे शिजवले, तरी विष बहुतांशी तसेच राहते.

१९७४ मध्ये ही गोष्ट आपल्या शेजारी आली. गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरले. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या घरांतले अन्न खाणारे कुत्रेही तसेच आजारी पडले होते. त्या घरांत माणसांसाठी वेगळा, चांगला मका नव्हताच.

आमच्या घरचा निवाडा करणारे आज नाहीत. आमच्या गोठ्यात वाढ खुंटून गेलेली वासरे मला आठवतात. त्यांच्या मरणाचे कारण आता सिद्ध करता येणार नाही. पण तेव्हा आम्ही गव्हाणीत काय टाकत होतो, ते मला ठाऊक आहे.