उसातल्या चोचवाल्या पतंगांचं कूळ

बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या शिवारात सुरू उसाचा एखादा पोंगा वाळलेला दिसला की शेतकरी आधी तो ओढून पाहतो. सहज हातात आला आणि बुडाला कुजका वास मारला, की खोडकीड. शेंडे किडीचा पोंगा इतक्या सहज निघत नाही.

खोडकिडीचा पतंग गवती रंगाचा, मळकट. तोंडापुढे ओठाचे दोन स्पर्शक (पाल्प) चोचीसारखे सरळ पुढे आलेले. हीच ‘कायलो’ या प्रजातीची पहिली खूण. जर्मनीच्या झिंकेन यांनी १८१७ साली हे नाव दिलं, तेव्हा त्यात ऊस कुठेच नव्हता. नमुना ठरला तो युरोपातल्या नळ गवतावर जगणारा पतंग. उसाचा संबंध पुढे आला. १८५६ मध्ये बोजेर यांनी मॉरिशसमधली कांडी कीड नोंदवली, १८९० मध्ये डच अभ्यासक स्नेलन यांनी जावातल्या खोडकिडीला ‘इन्फस्काटेलस’ नाव दिलं. भारतातल्या कांडी किडीची वेगळी ओळख तर कपूर यांनी १९५० मध्ये पटवली.

इतका उशीर समजण्यासारखा आहे. या पतंगांचे पंख एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात, की खात्रीसाठी जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात.

बांधावर मात्र अळी कामाला येते. खोड चिरलं की मळकट पांढरी अळी सापडते. पाठीवर पाच जांभळट रेघा असतील तर खोडकीड, चार असतील तर कांडी कीड. पहिली कोवळ्या फुटव्यांवर, उन्हाळ्यात जास्त. दुसरी कांड्या सुटल्यावर. पहिलीमुळेच नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वेळेवर पाणी आणि बाळबांधणीला इतकं महत्त्व आहे.

कायलो की शेंडे कीड, ही ओळख चुकली तर उपायही चुकतो. किडींची अंडी नष्ट करण्यासाठी शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डवर बहुधा ‘ट्रायकोग्रामा कायलोनिस’ ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली बारीक माशी असते. तिचं नावच या प्रजातीवरून पडलेलं. ती वाढवतात तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर, आणि तोही चोचवाल्यांचाच भाऊबंद! कायलोची अंडी पानामागे खवल्यांसारखी उघडी असतात, तिथे ती सहज पोचते. शेंडे किडीची पांढरी मादी मात्र अंडीपुंजावर केसांचं आवरण घालते. तिच्यासाठी ‘ट्रायकोग्रामा जपोनिकम’ची कार्डं मागावी लागतात.