वैमानिकाचा तास

दोन वैमानिक भेटले की गावाआधी, घराण्याआधी एकच चौकशी होते : "किती तास झाले?" परवाना तासांवर, नोकरी तासांवर, कमांड म्हणजे विमानाचं प्रमुखपद, तेही तासांवर. घड्याळातल्या तासाशी मात्र या तासाचं नातं जरा दूरचंच आहे.

नोंदीची सवय विमानाइतकीच जुनी. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवरून राइट बंधूंचं विमान उठलं, तेव्हा त्यावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, स्टॉपवॉच आणि इंजिनाचे फेरे मोजणारं मीटर, असा सगळा सरंजाम बसवलेला होता. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, त्याच दिवशीचं चौथं ५९ सेकंदांचं. ऑर्व्हिलने ते डायरीत टिपलं. पण अशा नोंदींची बेरीज करून माणूस जोखावा, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. पुढे आंतरराष्ट्रीय हवाई संघटनेच्या वतीने प्रमाणपत्रं मिळू लागली, तीही हातचं कसब बघून. दोन खांबांभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेरे मारा, ठरलेली उंची गाठा, खुणेजवळ उतरा, की झालं. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. जुहूला शिक्षकाबरोबर ३ तास ४५ मिनिटं उडून ते एकटे हवेत गेले होते. आज एवढ्यावर कुठलाही शिक्षक विमानातून उतरून शिकाऊ पोराच्या हाती ते सोपवणार नाही.

मग डाक आली, तिकीट काढलेले प्रवासी आले. एका दिवसाच्या परीक्षेवर एवढा भरवसा टाकायची कुणाची तयारी नव्हती. अनुभव मोजायला काहीतरी माप हवं होतं. १९१९च्या पॅरिस कराराने विमानाला आणि इंजिनाला नोंदवही लावून दिली होती. वैमानिकाच्या स्वतःच्या वहीला वळण लावलं ते लष्कराने. ब्रिटिश हवाई दलाचा 'फॉर्म ४१४' म्हणजे हीच वही. ७ डिसेंबर १९४४ रोजी ५२ देशांनी शिकागो करारावर सह्या केल्या आणि त्यातून उड्डाण-वेळेची एक सामाईक व्याख्या रुजली : उड्डाणासाठी विमान पहिल्यांदा हललं, तिथपासून शेवटी थांबलं तिथपर्यंत. 'चॉक टू चॉक'. ट्रक चढावर उभा केला की क्लीनर चाकामागे दगड लावतो, तसा विमानाच्या चाकाला लावायचा ठोकळा म्हणजे चॉक. मात्र त्याच कराराच्या ३८व्या कलमाने एक खिडकी उघडी ठेवली : एखादा नियम जमत नसेल तर आमचा वेगळा आहे, असं कळवा. देशोदेशीचे तास वेगळे होण्याला या खिडकीने राजरोस वाट दिली.

अमेरिकी व्याख्येत विमान 'स्वतःच्या ताकदीने' हललं पाहिजे. म्हणजे ट्रॅक्टरने मागे ढकललं, तर ती मिनिटं शिकागोच्या शब्दांत धरली जातील, अमेरिकेच्या शब्दांत नाहीत. हेलिकॉप्टरचं माप आणखी निराळं; तिथे पंखा फिरू लागला की वेळ सुरू.

शिकाऊ पोरांना खरा घोळ घालतं ते हॉब्स मीटर. कॉकपिटमधली ही छोटी चौकट, कित्येक विमानांत इंजिनातल्या तेलाचा दाब चढला की धावू लागते आणि तासाचे दहा भाग करून दाखवते. फ्लाइंग स्कूलचं बिल बहुधा तिच्यावर निघतं. त्यामुळे जागेवर उभं राहून इंजिन तापवलं, त्याचे पैसे द्यावे लागतात, पण ती वेळ उड्डाणाची नव्हे. शिवाय एक दशांश म्हणजे सहा मिनिटं. मीटरवरचं १.३ म्हणजे एक तास अठरा मिनिटं. घाईत एक तास तीस असं उतरवलं, तर एका ओळीत बारा मिनिटं फुकटची चढतात, आणि दोनशे तासांच्या वहीत अशा ओळी कितीतरी.

तास किती, याहून तो कुणाचा, हा वाद जास्त चिवट. अमेरिकेत एक वैमानिक डोळ्यांवर झापड लावून फक्त उपकरणांवर उडवण्याचा सराव करतो, शेजारचा 'सेफ्टी पायलट' बाहेर लक्ष ठेवतो. झापडवाला विमान त्याच्या हातात म्हणून, दुसरा जबाबदारी त्याची म्हणून, असे दोघंही तोच तास कमांडच्या रकान्यात लिहू शकतात आणि ते तिथे पूर्ण कायदेशीर आहे. युरोपात एका वेळी कमांडर एकच. माझं मत युरोपच्या बाजूने आहे. एका तासाचे दोन मालक हा हिशेब मला मुनीमगिरीतली चलाखी वाटतो.

तासांवरची ही श्रद्धा कुठवर जाते, ते २००९ साली दिसलं. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने विमान कंपनीच्या सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट घातली. २०१३पासून ती लागू आहे. गंमत अशी, की त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५००च्या वरच होते.

आणि जिथे अट, तिथे पळवाट. न उडता वहीत चढवलेल्या तासांना इंग्रजी बोलणारे वैमानिक 'पी-५१ टाइम' म्हणतात. पी-५१ हे दुसऱ्या महायुद्धातलं गाजलेलं लढाऊ विमान. इथे अर्थ पार्कर-५१ या पेनाचा! आपल्याकडे १९३७च्या विमान नियमांनुसार ही वही शाईनेच लिहायची आणि शेवटच्या नोंदीनंतर निदान पाच वर्षं जपायची. शाई खाडाखोड पकडते, खोटं पकडत नाही.

भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यांतले १०० कमांडचे. ते बारामती, गोंदियात भरा किंवा अमेरिकेत, छाननी शेवटी दिल्लीच्या नियमांनी होते. तेव्हा मुलाला किंवा मुलीला परदेशी पाठवत असाल, तर पहिल्याच आठवड्यात बजावून सांगा : वेळ तास-मिनिटांत लिही, सेफ्टी पायलटचे तास कमांडच्या बेरजेत मिसळू नकोस, आणि शिक्षकाची सही त्याच दिवशी घे. वर्षभराने शाळा बंद पडलेली असली, तर सही मागायला कुणाकडे जाणार?