इयागोचे मौन

फ्रीगंजच्या टॉवरकडून रेल्वेचे रूळ ओलांडले की जुनी उज्जयिनी लागते. शूद्रकाने 'मृच्छकटिका'तील आपला खलपुरुष याच नगरीत वावरविला. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि खुनाचा आळ चारुदत्तावर घालतो. परंतु त्याने असे का केले, हा प्रश्न कोणास पडत नाही. आपली वासना आणि आपला तोरा तो स्वतःच चव्हाट्यावर मांडीत असतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, आणि त्याच लेखणीतून 'ऑथेल्लो'चे मराठी रूप 'झुंझारराव' उतरले. ते १८९० सालचे. त्यापूर्वी १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर प्रसिद्ध झालेच होते. इतका जुना परिचय असूनही इयागो आपणास शकारासारखा उलगडत नाही.

तो कारणे सांगत नाही, असे मात्र नाही. उलट फारच सांगतो. कॅसिओला बढती मिळाली व आपण निशाणबरदारच राहिलो, हे पहिले. ऑथेल्लोने आपल्या पत्नीशी संबंध ठेवला असावा, हे दुसरे. थोड्याच वेळाने तोच संशय कॅसिओवरही! मध्येच डेस्डिमोनावर आपलेही मन असल्याचे तो सांगून टाकतो. कोलरिजसारख्या रसिकास यात कारणांऐवजी कारणांची शोधाशोध तेवढी दिसली. १५६५ साली प्रसिद्ध झालेल्या चिंथिओच्या ज्या इटालियन कथेवरून शेक्सपिअरने नाटक रचले, तीत निशाणबरदार नायिकेवर आसक्त होतो आणि दाद न मिळाल्याने सूड घेतो. असे सरळ, समजण्यास सोपे कारण हाती असता नाटककाराने ते कडेला सारले, हे विसरून चालणार नाही.

मला त्याचा खरा सल दोन ठिकाणी दिसतो. सर्वजण इयागोला पुनःपुन्हा इमानी म्हणतात. आता, श्रोतेहो, मराठीत इमानी आपण कोणास म्हणतो? चाकरास. धन्यास कोणी इमानी म्हणत नाही. त्यातच मद्याच्या धुंदीत कॅसिओ सांगतो की, स्वर्गातही दुय्यम सेनापतीचा उद्धार निशाणबरदाराच्या आधी व्हावयाचा! विनोदच तो, परंतु ऐकणाऱ्याच्या जिव्हारी लागणारा. दुसरे ठिकाण पाचव्या अंकातील. अंधाऱ्या रस्त्यावर कॅसिओवर मारेकरी घालण्याच्या क्षणी इयागो स्वतःशी म्हणतो की, या माणसाच्या नित्याच्या जगण्यात असे काही सौंदर्य आहे की त्यापुढे मी कुरूप ठरतो. येथे बढती नाही, पत्नी नाही. आधीच्या स्वगतांत मिरविलेली कारणे गळून पडली आहेत आणि खाली उरलेला मत्सर उघडा पडला आहे. डेस्डिमोनाचा बळीही याच मत्सराने घेतला, असे मी समजतो. तिच्या चांगुलपणाचेच जाळे विणण्यात त्याला जो आनंद होतो, तो निव्वळ सूडाचा नव्हे.

शेवटी ऑथेल्लो विचारवितो, याने मला का फसविले? इयागो यापुढे एक शब्दही बोलणार नाही, असे सांगून ओठ मिटतो. शकाराला चारुदत्त क्षमा करतो, तो सुटतो. इयागोला यातना देऊन बोलते करण्याचे ठरते, आणि ते काम सोपविले जाते कॅसिओवर. पडदा त्याआधीच पडतो.